मेश्राम काकांचा डब्बा आणि एक नंबरचा कापूस

कप आधी खाली ठेवा. हो, ठेवाच! मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटलं. मला अजून धक्का बसतो हो. इतका शहाणा माणूस इतका मूर्खपणा करतो कसा? शहाणा माणूस म्हणजे मीच. दुसरं कोण?

मी देवळीचा. कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जिनिंगमध्ये, ग्रेडर आहे. म्हणजे कापसाची गाडी आली की एक पुंजका काढायचा, दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब, किती मजबूत ते सांगायचं. सत्तावीस वर्षं झाली. मशीन जे नंतर सांगते ते माझा अंगठा आधी सांगतो. पंचक्रोशीत लोक म्हणतात, पुरुभाऊचा हात म्हणजे हात आहे!

तोच हात सुट्टीच्या दिवशी गिटारवर पडायचा. पडायचा म्हणजे खरोखरच पडायचा. लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वीस वर्षं वाजवलं मी. समोर दोन ढोल, बाजूला ऑक्टोपॅड, मागे धडधडणारा जनरेटर. तिथे गिटारवाल्याने हळू वाजवलं तर लोकांना वाटतं, हा गडी नुसता जेवायला आलाय. म्हणून मी हाणायचो. आमच्या ऑर्केस्ट्राचा ॲम्प्लिफायरही तसाच होता, ट्रान्झिस्टरचा. हळू वाजवा, जोरात वाजवा, तो आपला एकाच आवाजात खणखणणार. चुका केल्या तरी कोणाला कळायच्या नाहीत. फार समजूतदार डब्बा!

तर आमची मयुरी. एकुलती एक. वर्ध्याला कॉलेजात शिकते. आवाज इतका हळुवार, की ती गायला लागली की मी पंखा बंद करतो. जिल्ह्याची गायन स्पर्धा होती वर्ध्याला आणि नियम असा की साथीला एकच वाद्य. मैत्रिणींनी कोणी पेटीवाला धरला, कोणी तबलेवाला. आमची पोरगी एक दिवस स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, तुमी वाजवान काय माह्यासंगं?"

अहो, मला भरून आलं. मोठं झालेलं लेकरू बापाला कशासाठी विचारतं? मोबाईलच्या रिचार्जसाठी! आणि ही म्हणते, माझ्यासोबत स्टेजवर बसा. मी वरवर म्हणालो, "पाहू, टाइम भेटला त." आत जाऊन डोळे पुसले. मयुरीची आई भाकरी थापताना एवढंच बोलली, "तिचं गाणं हाय, तुमचं नाई. ध्यानात ठेवजा."

ऐकलं मी. ध्यानात मात्र ठेवलं नाही.

गाणं होतं संथ चालीचं भावगीत. ऑर्केस्ट्राचा डब्बा त्यावर अगदीच पत्र्यासारखा वाजत होता, हे मलाही कळलं. म्हणून मी वर्ध्याला मेश्राम काकांकडे गेलो. काका रेल्वेतून रिटायर झालेले, स्टेशनामागे राहतात. तरुणपणी रेल्वेच्या क्लबात गिटार वाजवायचे. त्यांच्याकडे जुना व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर आहे. जुन्या रेडिओत असायचे ना काचेचे दिवे, तसले त्यात आहेत. चालू केला की नारिंगी उजेड पडतो. काका त्याला रोज फडक्याने पुसतात.

"नेजो," काका म्हणाले. "पोरीसाठी नेऊन राह्यला म्हणून देतो. पण पुरुषोत्तम, हा तुह्या ऑर्केस्ट्राच्या डब्ब्यासारखा नाई. तो कसाही वाजवा, एकच बोलते. नाचणाऱ्या पोट्ट्यायले तोच पायजे. हा हाताचं ऐकते. बोटानं कुरवाळलं त गोड बोलते. हाणलं त अंगावर येते."

"समजलं काका."

"जोरात हाणलं का हा आधी दबते, दम घेते, मंग वर येते. धडाधड वाजवणाऱ्याले हा चालत नाई. संथ गाण्याले याच्यासारखा दुसरा नाई. अन् आयक, वापरायच्या अर्धा घंटा आधी सुरू करजो. गरम झाल्याबिगर खुलत नाई."

"काका, हाताचं मले नका सांगू," मी हसून म्हणालो. "हातावरच त पोट हाय माह्यं!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. शहाणी माणसं असंच करतात.

घरी आणून जोडला. मयुरी समोर बसली. तिने डोळे मिटून पहिली ओळ घेतली आणि मी वाजवलं. बाप्पा! तो डब्बा असा भुंकला, की शेजारचं कुत्रं उठून उभं राहिलं. मयुरी दचकली. मी पुन्हा वाजवलं. पुन्हा भुंकला. आवाज फाटलेला, चरचरीत. शिवाय माझं एक बोट तारेवर नीट पडत नाही, हे मला वीस वर्षांत माहीत नव्हतं. त्या डब्ब्याने ते पाच मिनिटांत गल्लीला सांगितलं.

"बाबा, थोडं हळू वाजवून पाहा ना," मयुरी म्हणाली.

"हळूच वाजवून राह्यलो मी! डब्बाच बिघडेल हाय."

आता मला सांगा, हात कधी बिघडतो का? तेही माझा? मी डब्बा फिरवून पाहिला आणि मागची बाजू उघडी! नुसती फळकुटाची चौकट, आत स्पीकर, वर काचेचे दिवे, बाकी सगळं पोकळ. झाकण कुठे गेलं? मला वाटलं, काकांच्या हातून हरवलं असणार, म्हातारपण. आवाज मागून सैरावैरा पळतोय, म्हणून हा असा भुंकतो! असले डब्बे मागून उघडेच असतात हे मला कोण सांगणार? सांगणाऱ्याला मी आधीच गप्प केलं होतं.

आणि मग माझ्या डोक्यात तो विचार आला. आजही आठवला की अंगावर काटा येतो.

आमच्या जिनिंगमध्ये मशिनींचा असा घणघणाट असतो, की नवीन माणूस दोन दिवसांत बहिरा होईल. आम्ही काय करतो? कानात कापसाचे बोळे! आवाज एकदम मऊ. मग डब्ब्याच्या पोटात कापूस भरला तर?

दुसऱ्या दिवशी नमुन्यांतली रुई घरी आणली. रुई म्हणजे सरकी काढलेला कापूस. उगाच कोणतीही नाही हं! पोरीचं काम होतं. पाच ढीग हाताळले, एकेका पुंजक्याचा धागा ओढून पाहिला आणि पांढरीशुभ्र, लांब धाग्याची, एक नंबरची रुई निवडली. घरी येऊन डब्ब्याच्या पोटात प्रेमाने ठासली. दिव्यांच्या आजूबाजूला, स्पीकरच्या मागे, कोपऱ्याकोपऱ्यात. उशी भरावी तशी.

चालू केला, वाजवला आणि काय सांगता! सगळं भुंकणं गेलं. आवाज मऊ, गुबगुबीत.

"बाबा, किती छान लागून राह्यलं!" मयुरी टाळ्या वाजवत म्हणाली. "काय केलं तुमी?"

"हाताची कमाल," मी म्हणालो. तेवढ्यात लाईट गेली. दोनच मिनिटं वाजवून झालं होतं. पुढे घरात कधी मी असायचो तर लाईट नसायची, कधी लाईट असायची तर मी जिनिंगमध्ये. मग आम्ही तसाच, डब्ब्याशिवाय सराव केला.

स्पर्धेच्या दिवशी देवळीहून एसटीने निघालो. डब्बा मांडीवर, अंगावर चादर पांघरलेला. कंडक्टरने विचारलं, "पेशंट हाय काय?" मयुरी हसली, पण तिचे हात गार पडले होते. ती म्हणाली, "बाबा, याच्यात नंबर आला त नागपूरची स्पर्धा भेटते. आमचे कॉलेजातले सर म्हणे, तिथं गायलं का पुढची वाट मोकळी होते." मी तिच्या हातावर हात ठेवून म्हणालो, "मी हावो ना!"

मी होतो, हीच तर भानगड होती.

सभागृह गच्च भरलेलं. समोर पहिल्या रांगेत तीन परीक्षक. मधल्या बाई संगीताच्या रिटायर शिक्षिका. चष्म्यातून अशा पाहत होत्या, की मी आपोआप ताठ झालो. मेश्राम काकाही आले होते, आपला डब्बा कसा वाजतो ते ऐकायला. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी अर्धा तास आधीच डब्बा चालू करून ठेवला. जास्त चांगला खुलावा म्हणून पाऊण तास!

मयुरीचं नाव पुकारलं. आम्ही बसलो. तिने माईक जवळ घेतला, डोळे मिटले आणि सुरुवात केली. मी वाजवू लागलो. आवाज मऊ होता, पण लांबून आल्यासारखा. म्हणून मी थोडं जोरात हाणलं. मग अजून थोडं. पहिलं कडवं झालं. लोक शांत बसले होते. मला वाटलं, जमलं पुरुषोत्तम!

आणि तेवढ्यात तो वास आला.

तुम्हाला सांगतो, जळणाऱ्या कापसाचा वास मला झोपेत आला तरी मी उठून बसतो. जिनिंगमध्ये आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नाही. रुईची ठिणगी वरून दिसत नाही, आतल्या आत धुमसते आणि मग सगळं गोदाम घेऊन जाते. बिडी-काडी घेऊन आत येणाऱ्याला गेटवर अडवायचं कामही माझ्याचकडे आहे. सत्तावीस वर्षांची सवय! नाकात वास शिरला आणि मेंदूला न विचारता मी उभा राहिलो. मयुरी दुसऱ्या कडव्यात, मी गिटार गळ्यात घालून ताठ उभा, आणि तिच्या माईकच्या शेजारून सगळ्या सभागृहाला ओरडलो,

"कोन बिडी पिऊन राह्यला बे?! इझव आधी! कापूस पेटन ना!"

तिघंही परीक्षक माझ्याकडे पाहत राहिले. पहिल्या रांगेतल्या एका सभ्य म्हाताऱ्याने आपले रिकामे दोन्ही हात वर केले. मयुरीचा सूर तुटला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"बाबा... डब्बा!"

मी वळलो. डब्ब्याच्या मागून धूर निघत होता. चांगला जाड, पांढरा, हळूहळू वर चढणारा. आणि मागच्या रांगेतल्या पोट्ट्यांनी टाळ्या वाजवल्या! त्यांना वाटलं, धुराची मशीन लावलीय.

अहो, ज्याने सत्तावीस वर्षं दुसऱ्याची काडी विझवली, त्याने स्वतःच्या हाताने, तपासून, निवडून, एक नंबरची रुई गरम दिव्यांभोवती ठासली होती! हे मला घरी का नाही सुचलं? का नाही? लाईट, उष्णता, कापूस... शाळेतलं पोर सांगेल. त्या क्षणी मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण वर्ध्याची जमीन कडक, उन्हाशिवाय भेगा देत नाही.

मेश्राम काका मात्र त्या वयात स्टेजवर चढले, आधी प्लग ओढला आणि फडकं गुंडाळलेल्या हाताने डब्ब्यातून रुई बाहेर ओढू लागले. काळी, तांबूस, मधेच पांढरी. निघतच होती, निघतच होती. मी बाहेर पडलेले पुंजके बुटाने तुडवत होतो. तेवढं एक काम मी त्या दिवशी नीट केलं.

परीक्षक बाई उठून स्टेजजवळ आल्या. "हे पाहा," त्या गंभीरपणे म्हणाल्या, "नियम स्पष्ट आहे. यंत्रात बिघाड किंवा अपघात झाला असेल, तर स्पर्धकाला पुन्हा गाता येईल. स्पर्धकाकडून चूक झाली असेल, तर नाही. हा कापूस आत आला कसा?"

मयुरी माझ्याकडे पाहत होती. डोळ्यांत पाणी. तिला कळलं होतं. घरातल्या त्या मऊ आवाजाचं रहस्य तिच्या एका क्षणात ध्यानात आलं होतं. तिने नजर खाली वळवली.

आणि काका, देव माणूस हो! त्यांनी एकदा मयुरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि घसा खाकरून म्हणाले, "उंदीर, बाई. माह्या घरी लय झाले. गादीतला रद्दी कापूस आणून घरटं केलं दिसते त्यायनं. माहीच चूक, मी पाहून देयाले पायजे होतं."

बाईंनी मान हलवली. "असं असेल तर अपघात. मुलगी पुन्हा गाऊ शकते."

सगळं सुटलं होतं. सगळं! मला फक्त गप्प बसायचं होतं. एवढंच काम. काकांनी हातात एक न जळलेला पुंजका धरला होता, पांढराशुभ्र, आणि तो सभागृहाला दाखवत ते म्हणत होते, "पाहा, एकदम रद्दी. असा कापूस उंदीरच आणू शकते."

रद्दी?

"रद्दी?!" मी म्हणालो. माझं तोंड माझ्या ताब्यात नव्हतं. मी तो पुंजका काकांच्या हातातून घेतला, दोन अंगठ्यांत धरला आणि सगळ्यांसमोर ओढला. "हा रद्दी? काका, धागा पाहा धागा! तीस मिलिमीटरच्या खाली असन त मिशी काढून टाकीन! पाच ढिगांतून मी सोता निवडून आणला हा, एक नंबर!"

माईक चालू होता. शेवटच्या रांगेपर्यंत नीट ऐकू गेलं.

काकांनी डोळे मिटले. मयुरीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. तोंडातून शब्द गेल्यावर मला कळलं, मी काय बोललो ते. तो पुंजका हातात तसाच. मी माझ्या पोरीचं गाणं एकदा जाळलं होतं, आता दुसऱ्यांदा जाळलं. कशासाठी? कापसाच्या इज्जतीसाठी! मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती.

मी खाली मान घालून बाईंसमोर उभा राहिलो. "बाई, मी केलं. पोरीले माहीत नोतं. तिले नका काढू. मले काय शिक्षा द्यायची ते द्या."

बाईंनी तोंड फिरवलं. मग मला दिसलं, त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या! चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले आणि इतर दोघा परीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "चूक स्पर्धकाची नाही, वडिलांची आहे. आणि वडील निवडायची सोय स्पर्धकाला नव्हती."

सभागृह जे हसलं! मीही हसलो असतो, पण माझं तोंड तेव्हा उघडतच नव्हतं. ते योग्य वेळी कधीच बंद होत नाही आणि योग्य वेळी उघडत नाही.

"गायिका शेवटी पुन्हा गाईल," बाई म्हणाल्या. "साथीदार मात्र खाली बसेल."

साथीला बसले मेश्राम काका. डब्बा तोवर थंड झाला होता, काका दिवे पुसून, वास घेऊन, खात्री करून बसले. त्यांनी माझीच गिटार घेतली. बोटांच्या टोकांनी तारांना नुसता स्पर्श केला आणि तो डब्बा बोलला! तोच डब्बा हो! कापसाशिवाय! मयुरीचा आवाज खाली गेला की तोही खाली. ती वर चढली की काकांनी बोट किंचित दाबलं, आणि तो जरासा दबून, दम घेऊन, तिच्यामागून वर आला. मी दहाव्या रांगेत बसलो होतो. माझ्या हातांकडे पाहिलं. कापसाचा धागा तुटू नये म्हणून ओढताना मी श्वास धरतो. तारेसाठी एकदाही धरला नव्हता. लाज वाटली हो, खूप लाज वाटली.

मग शेवटच्या कडव्यात तिने एक जागा घेतली. आवाज अगदी बारीक करत, सुताच्या टोकासारखा, आणि तिथे थांबून अलगद वळवला. सभागृहात एक माणूस हलला नाही. माझ्या गालावरून पाणी वाहत होतं आणि मी पुसलंही नाही.

दुसरा नंबर आला तिचा! नागपूरचं पत्र मिळालं.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. सावंगी गाव मागे पडलं. शेवटी माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "पोरी, मले माफ कर. पन ते शेवटची जागा तू काय घेतली वं! कुठून आणली? काकायनं शिकोली काय आज?"

मयुरी माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती. उलट मला समजावत असल्यासारखं, हळूच म्हणाली,

"नाई बाबा. रोजच घेतो मी ते जागा. नेमकं तठीच तुमी जोरात वाजवता."